रात्रीत बॅटरी उतरते? नवी आणण्याआधी गळती मोजा

जुन्या गाडीची बॅटरी रात्रीतून उतरू लागली की आधी धक्का, मग जंपर केबल, मग नवी बॅटरी हा क्रम ठरलेला असतो. नव्या बॅटरीवर काही आठवडे बरे जातात आणि एके सकाळी पुन्हा सेल्फची (स्टार्टरची) तीच टकटक ऐकू येते. कारण गाडीत कुठेतरी करंट झिरपत होता आणि तो तसाच झिरपत राहिला. शिवाय बॅटरी पुन्हा पुन्हा पूर्ण उतरली की ती खरोखरच खराब होते. प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक थर बसतात आणि साठवण कायमची घटते. एका न शोधलेल्या गळतीपायी अशा दोन-दोन बॅटऱ्या जातात, आणि ते बघवत नाही.

हा शोध घरच्या घरी घेता येतो. १० अँपिअरपर्यंत डीसी करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, दहाचा पाना, दोन क्रोकोडाइल क्लिपा, ५ वॅटचा १२ व्होल्टी बल्ब, कागद-पेन आणि एक निवांत दुपार एवढे पुरते.

आधी हिशेब

पाना हातात घेण्याआधी एक हिशेब डोक्यात पक्का करा. समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे १ अँपिअर करंट ४५ तास पुरवेल इतकी तिची साठवण आहे, चांगली आहे आणि पूर्ण भरलेली आहे. निम्म्याहून जास्त रिकामी झाली की सेल्फचा भरवसा उरत नाही. म्हणजे तिला झोपवायला साधारण २५ अँपिअर-तास तरी जायला हवेत. रात्रीचे १२ तास धरले तर गळती २ अँपिअरच्या आसपास असली पाहिजे.

आता हा आकडा गाडीतल्या गोष्टींशी ताडून बघा. डिकीतला ५ वॅटचा दिवा रात्रभर चालू राहिला तर तो ०.४ अँपिअर ओढतो, म्हणजे १२ तासांत ५ अँपिअर-तास. धडधाकट बॅटरीला हे पचते, सकाळी गाडी सुरू होते. मागचे दोन ब्रेक लाइट प्रत्येकी २१ वॅटचे असतात. ते दोन्ही चालू राहिले तर ३.५ अँपिअर, म्हणजे १२ तासांत ४२ अँपिअर-तास, आणि सकाळी डॅशबोर्डवर मिणमिणता दिवाही लागत नाही. घड्याळ, रेडिओची मेमरी, एंजिनचा कंट्रोल युनिट, अलार्म यांचा मिळून नेहमीचा करंट जुन्या गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर असतो. अगदी ५० धरला तरी रात्रीत ०.६ अँपिअर-तास जातो. या वेगाने २५ अँपिअर-तास जायला तीन आठवडे लागतील.

म्हणून मीटरवर जो आकडा दिसेल त्याला एकच प्रश्न विचारायचा: एवढ्या करंटने एका रात्रीत बॅटरी उतरू शकते का? ०.३ अँपिअरची गळती सापडली आणि बॅटरी मात्र रोज सकाळी आडवी होतेय, तर गळती खरी असली तरी ती एकटी जबाबदार नाही. बॅटरीही थकलेली आहे, किंवा चार्जिंग नीट होत नाही. आकडा आणि लक्षण यांचा मेळ बसेपर्यंत शोध थांबवू नका. या सगळ्या लेखात माझा आग्रह कशाचा असेल तर याचाच.

बॅटरीची स्वतःची परीक्षा

कमी चार्ज असलेल्या बॅटरीवर घेतलेली कुठलीही चाचणी फसवते, म्हणून ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला आणि वरच्या खुणेपर्यंतची भर चार्जिंग झाल्यावर घाला, नाहीतर चार्जिंगच्या वेळी आम्ल उतू येते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा हवेशीर हवी आणि जवळपास ठिणगी नको. हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. पॉझिटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये धातू आला की तो क्षणात तापून लाल होतो, बोटातली अंगठी काढायलाही वेळ मिळत नाही.

चार्जर काढल्यावर बॅटरी काही तास तशीच राहू द्या, कारण लगेच मोजलेला व्होल्टेज खोटा, फुगलेला असतो. त्यानंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव आणि ११.८ च्या खाली गेली की रिकामीच धरा. कितीही वेळ चार्ज करून १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. तिथे पुढची शोधाशोध नको, बॅटरी बदला.

मग रात्रीची परीक्षा. भरलेल्या बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, व्होल्टेज लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. बॅटरी सुटली की कोड मागणारा रेडिओ असेल तर कोड हाताशी आहे ना ते आधी बघा. गाडीशी संबंधच तुटलेला असताना बॅटरी १२.६ वरून १२.३ वर आली, तर ती स्वतःतच उतरतेय. जागची हलली नाही, तर गळती गाडीत आहे. ही परीक्षा इतकी सोपी आहे की ती कुणीच करत नाही, आणि निम्मा गोंधळ हिनेच मिटतो.

जोडीला सेल्फ मारताना दुसऱ्या कुणाला मीटरकडे बघायला सांगा. साधारण हवामानात व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी अशक्त आहे, मग विश्रांतीत ती कितीही छान आकडा दाखवो. एक अपवाद लक्षात ठेवा. स्टार्टरच जाम होऊन जास्त करंट ओढत असेल, तरीही असेच दिसते.

बॅटरीच्या डोक्यावरही एक नजर टाका. आम्लाचा ओलसर, धुळकट थर बसला असेल तर त्यातूनही थोडा करंट वाहतो. मीटर व्होल्टवर ठेवून काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलला आणि लाल पिन नुसती प्लॅस्टिकच्या वरच्या भागावर फिरवा. आकडा दिसला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, पण झाकणे घट्ट लावून. सोडा सेलमध्ये गेला तर आम्ल निकामी होते.

चार्जिंग बघायला दोन मिनिटे

एंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही १३.५ च्या वर राहिले तर ठीक. एंजिन चालू असताना आकडा १२.४ वर आहे आणि हळूहळू उतरतोय, तर रात्रीच्या गळतीला दोष देऊ नका. अल्टरनेटर, म्हणजे एंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, भरतच नाही. पट्टा सैल आहे का आणि ब्रश झिजलेत का ते बघा.

गाडीला झोपवायची तयारी

मोजायच्या आधी गाडी रात्री जशी उभी असते तशीच हवी. फरक एवढाच, की फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोचला पाहिजे. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर दरवाजा उघडा ठेवावा लागतो, आणि उघड्या दरवाजामुळे आतला दिवा लागून सगळा हिशेब बिघडतो. दरवाजाच्या चौकटीत रबरी टोपीचे बटण असेल तर ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. स्विच कुलपाच्या आतच असेल तर स्क्रू ड्रायव्हरने कुलपाची जीभ बंद स्थितीत फिरवा, म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटतो. काम झाल्यावर दरवाजा लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ पुन्हा उघडा. विसरलात आणि दरवाजा आपटलात तर कुलूप वाकते.

बॉनेटखाली दिवा किंवा अलार्मचा स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. चावी काढून खिशात ठेवा. लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर आणि डॅशकॅम मात्र आत्ताच काढू नका. रात्री ते तिथेच असतात, तर चाचणीतही तिथेच हवेत.

आधी बल्ब, मग मीटर

जुने वायरमन मीटरच्या आधी बल्ब लावायचे, आणि त्यात शहाणपण आहे. निगेटिव्ह केबल काढा आणि ५ वॅटचा बल्ब केबल व बॅटरीचे टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. बल्ब पूर्ण उजळला तर गळती मोठी आहे, कदाचित मीटरचा फ्यूज उडवेल इतकी. अंधूक लालसर झाला तर थोडी आहे. काळाच राहिला तर मीटर बिनधास्त लावा. बल्ब स्वतः ०.४ अँपिअरपेक्षा जास्त वाहू देत नाही, त्यामुळे या पायरीवर काहीही जळत नाही.

मीटर लावताना बल्ब काढून केबल पुन्हा टर्मिनलला बसवा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात हलवा आणि डायल डीसी अँपिअरवर आणा. क्रोकोडाइल क्लिपेने काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि लाल पिन निगेटिव्ह केबलच्या टोकाला पकडवा. क्लिपा घट्ट बसल्यावरच केबलचे टोक सैल करून अलगद वर उचला. असे केले की जोडणी एक क्षणही तुटत नाही. तुटली तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पुन्हा जागी होते आणि सगळी वाट पाहणी पहिल्यापासून सुरू होते.

मीटर जोडलेले असताना सेल्फ मारू नका, इग्निशन लावू नका, हेडलाइट लावू नका, सेंट्रल लॉकचे बटणही नको. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो. आणि काम संपले की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. ती अँपिअरमध्ये राहिली आणि पुढच्या वेळी तुम्ही बॅटरीचा व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर बॅटरीला थेट शॉर्ट करतो.

पहिला आकडा बघून घाबरायचे कारण नाही. दरवाजे लावल्यावर काही वेळ आतला दिवा, अलार्म, कंट्रोल युनिट जागे असतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिनिटभरात आकडा स्थिर होतो, थोड्या अलीकडच्या गाडीत १० ते ४० मिनिटे लागू शकतात. घड्याळ लावून बसा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर ठीक आहे. त्याच्या बराच वर राहिला तर शोध सुरू.

फ्यूज एकेक करून

सोपा मार्ग म्हणजे मीटरकडे लक्ष ठेवून एकेक फ्यूज काढायचा, आकडा पडला का बघायचे, लिहायचे आणि फ्यूज परत लावायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली आला, त्या सर्किटमध्ये चोर आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचे चित्र बघा, कोणता फ्यूज काय सांभाळतो ते त्यावर असते. झाकण हरवले असेल तर गाडीची पुस्तिका काढा. सगळे फ्यूज एकदम काढून ढीग करू नका. कोणता कुठला हे विसरले की १० च्या जागी २० चा बसतो, आणि मग वायर जळते.

या पद्धतीत एक खोट आहे. काही गाड्यांत फ्यूज परत लावताना ते सर्किट जागे होते आणि आकडा पुन्हा वर जातो. अशा वेळी फ्यूज काढायचाच नाही. आधी केबल पूर्ववत लावा, मग मीटर सोडवून लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला, २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर आणा आणि पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बाजूंना जे उघडे धातूचे ठिपके दिसतात, त्यांवर दोन पिना टेकवा. फ्यूजमधून करंट वाहत असेल तर तिथे थोडासा व्होल्टेज पडतो. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला की सुमारे ०.१३ अँपिअर वाहतोय. शून्य म्हणजे त्या वाटेने काहीच जात नाही. काचेच्या नळीचे किंवा चिनीमातीचे जुने फ्यूज असतील तर त्यांच्या दोन टोकांच्या धातूवर पिना टेकवा. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण गाडीची झोप मोडत नाही आणि वीस-पंचवीस फ्यूज दहा मिनिटांत तपासून होतात.

सर्किट सापडले की त्यावरच्या वस्तू एकेक करून सोडवायच्या. कनेक्टर काढा, आकडा बघा, पुढे जा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच?

हा क्षण पुष्कळांना हताश करतो, पण खरे तर शोध इथे सोपा होतो. फ्यूज बॉक्सच्या आधीच बॅटरीला जोडलेल्या गोष्टी मोजक्या आहेत: अल्टरनेटर, स्टार्टर, इग्निशन स्विचची मुख्य वायर, आणि कुणीतरी मागाहून थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी.

यांत अल्टरनेटरवर संशय पहिला. त्यातले डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा डायोड गळू लागला की गाडी बंद असताना बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जातो. यातून एक-दोन अँपिअर सहज जाऊ शकतात, आणि हा आकडा आपल्या हिशेबात चपखल बसतो. रात्रभर थंड उभ्या गाडीचे बॉनेट पहाटे उघडून अल्टरनेटरला हात लावा. आजूबाजूचे एंजिन गार आणि अल्टरनेटर मात्र कोमट, तर उत्तर हातालाच मिळाले. खात्रीसाठी निगेटिव्ह केबल पूर्ण काढा, अल्टरनेटरवरची जाड पॉझिटिव्ह वायर सोडवा, तिचे टोक कापड-पट्टीने नीट गुंडाळा आणि मीटर लावून पुन्हा मोजा. करंट गायब झाला तर डायोड प्लेट बदलायची.

एंजिन चालू ठेवूनही हे पडताळता येते. मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आले तर डायोडवर संशय घ्या. पण आधी एंजिन बंद ठेवून एकदा मोजा. काही साधे मीटर या रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात, तसे असेल तर त्या मीटरने ही परीक्षा होणार नाही.

नेहमीचे संशयित

जुन्या गाडीत मी पहिला हात ब्रेक पेडलच्या वर घालतो. पेडलच्या दांड्यावर एक छोटा रबरी किंवा प्लॅस्टिकचा खुंट असतो, तो ब्रेक स्विचचे बटण दाबून धरतो. वर्षानुवर्षांनी तो ठिसूळ होऊन फुटतो, बटण भोकातून आरपार सुटते आणि गाडीला पाय कायम ब्रेकवर आहे असे वाटते. माझ्याच गाडीत हे झाले. मीटरवर ३.४ अँपिअर आले, ब्रेक लाइटचा फ्यूज काढताच ०.०२ वर पडले. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी असायची, त्यामुळे मागचा लाल उजेड कधी दिसलाच नाही. पेडलखालच्या मॅटवर पिवळट प्लॅस्टिकचे तीन-चार चुरे मात्र पडले होते. आधी वाटले कुठल्या तरी खेळण्याचे असतील. असे चुरे दिसले तर झाडून टाकू नका, वर बघा.

ग्लोव्ह बॉक्स आणि डिकी बंद असताना आतला दिवा विझतो का हे बाहेरून कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवा, झाकण लावा, दहा सेकंदांनी काढून बघा. किंवा तासाभराने झाकण उघडून लगेच बल्बला बोट लावा, पण बेताने, लागलेला राहिला असेल तर चांगलाच गरम असतो.

मागाहून बसवलेल्या म्युझिक सिस्टिममध्ये पिवळी वायर कायमच्या वीजपुरवठ्याची आणि लाल वायर चावीवरची असते. बसवताना दोन्ही एकत्र कायमच्या पुरवठ्याला जोडल्या, तर बंद दिसणारी सिस्टिम आतून जागीच राहते. जोडीला वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याची निळी वायर तपासा. तिच्यावर १२ व्होल्ट राहिले की अँप्लिफायर रात्रभर चालू. रिव्हर्स कॅमेरा, ट्रॅकर, जादा हॉर्न, फॉग लॅम्प अशा जोडकामांवरही माझा भरवसा मूळ वायरिंगपेक्षा कमीच असतो.

रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, चालू स्थितीत चिकटला असेल तर गाडी तासभर उभी राहिल्यावरही तो हाताला कोमट लागतो. बाकीचे गार असताना एकच कोमट रिले असला की तो काढून बघा. जुन्या डिझेल गाडीत ग्लो प्लगचा (थंड एंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या कांडीचा) रिले चिकटला तर गळती इतकी मोठी असते की बॅटरी तासाभरात झोपते. ती अशी मोजायला जाऊच नका, मीटर टिकणार नाही. दरवाजा आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरीही बघा. हजारो वेळा वाकून त्यांचे कव्हर तडकते आणि ओल आली की त्या एकमेकींना किंवा बॉडीला भिडतात.

कधी उतरते, कधी नाही

सगळ्यांत चिवट गळती म्हणजे कधीतरीच होणारी. मीटर लावले की २५ मिलिअँपिअर, आणि चार दिवसांनी गाडी बंद. अशा वेळी वही ठेवा. रोज रात्री आणि सकाळी व्होल्टेज, पाऊस होता का, शेवटी कुठले बटण वापरले, कुठला दरवाजा उघडला, सगळे लिहा. मिनिमम-मॅक्सिमम नोंदवणारा डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर तो निगेटिव्ह केबलभोवती रात्रभर लावून ठेवता येतो, काहीही सोडवावे लागत नाही. रात्री मधेच करंट उसळला होता का ते सकाळी त्यावर दिसते.

दोष सापडून दुरुस्ती झाली की मीटर पुन्हा लावा, त्याच तयारीने, तेवढाच वेळ थांबून. एका घरात दोन गळत्या असतात, तशा गाडीतही असतात. मग बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, नुसत्या अर्ध्या तासाच्या फेरीने ती भरत नाही. पुढच्या तीन सकाळी सेल्फ मारण्याआधी व्होल्टेज मोजा. तो १२.५ च्या वर टिकला तर स्थिर करंटचा आकडा आणि तारीख कागदावर लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे कधी संशय आला तर आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा काय होता हे तिथे सापडेल.